दूध थांबत नाही

लेकीकडे बोस्टनला जाऊन आलं की सगळे विचारतात, काय काय पाहिलं? विद्यापीठं पाहिली, संग्रहालयं पाहिली, समुद्रही पाहिला. पण लिहावंसं वाटलं ते एका गोठ्याबद्दल. हसू नका! तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला असला तरी मी कागल तालुक्यातल्या गोठ्यात वाढलेली बाई आहे. शेणाचा वास आला की पावलं आपोआप तिकडं वळतात.

झालं असं, की एका रविवारी नातू म्हणाला, "आज्जी, चल, आईस्क्रीम खायला." मला वाटलं, असेल कोपऱ्यावर दुकान. पण गाडी चांगली अर्धा-पाऊण तास पळत राहिली. बोस्टनच्या उत्तरेला मिडलटन नावाचं गाव आहे. तिथं रिचर्डसन कुटुंबाची डेअरी आहे आणि आईस्क्रीमही तिथंच बनतं. लेक म्हणाली, "आई, हे घराणं १६९५ पासून शेती करतंय."

इतिहासाच्या बाईला साल सांगितलं की ती आधी त्या वेळी आपल्याकडं काय चाललं होतं ते बघते. १६९५ साली राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते, औरंगजेब भीमेकाठी ब्रह्मपुरीला तळ देऊन बसला होता आणि वर्ष संपता संपता संताजी घोरपड्यांनी दोड्डेरीला कासिमखानाची कोंडी केली होती. तेव्हापासून आजवर शेती एकाच घरात! आईस्क्रीम मात्र १९५२ पासूनचं. म्हणजे अडीचशेहून जास्त वर्षं शेती केल्यावर यांनी आईस्क्रीम करायला घेतलं. का बरं?

हा प्रश्न डोक्यात घेऊनच मी गाई बघायला गेले. काळ्या-पांढऱ्या होल्स्टीन गाई, कानात बिल्ले, पुढ्यात मुरघास. आंबूस वास ओळखीचा, गोठा मात्र अनोळखी. एकही गाय वळून बघेना! आमच्या म्हशी परकं माणूस आलं की मान वर करून फुसकारायच्या. तिकडं खिडकीपाशी भली मोठी रांग. मी सर्वांत लहान आईस्क्रीम मागितलं, तर दोन मुठींएवढा गोळा हातात आला. नातवाच्या आग्रहावरून ब्लॅक रास्पबेरी घेतलं होतं. रंग जांभळाचा, चव मात्र आपल्या तुतीच्या जवळची.

बाकावर शेजारी एक आजोबा बसले होते. लेकीच्या मदतीनं गप्पा सुरू झाल्या. (माझं इंग्रजी वाचण्यापुरतं.) त्यांचा स्वतःचा गोठा होता, बऱ्याच वर्षांपूर्वी विकला म्हणाले. मी विचारलं, का? ते म्हणाले, "दूध टँकरमध्ये जायचं आणि त्याचा भाव काय लागला ते नंतर चेक आल्यावर कळायचं. दुसरा कुठला धंदा असा चालतो?"

लेकीनं हे मराठीत सांगितलं आणि माझा गोळा वितळून हातावर आला तरी माझं लक्ष नव्हतं. कारण हे वाक्य मी आमच्या आईच्या तोंडून ऐकलेलं होतं.

दुधाची सगळी गोम यात आहे. ज्वारी पेवात राहते, गूळ अडत्याच्या गोदामात राहतो, भाव पडला तर शेतकरी निदान चार दिवस कळ काढू शकतो. दूध थांबत नाही. सकाळी काढलेलं दुपारपर्यंत विकलं नाही तर नासतं आणि म्हैस संध्याकाळी पुन्हा धार देतेच. म्हणून दूध विकणारा नेहमी घाईत आणि घेणारा निवांत. जो घाईत असतो त्याच्या हातात भाव नसतो. अमेरिकेत तर १९३७ च्या कायद्यानं दुधाचे किमान दर सरकारी सूत्रानं ठरतात. दुधाचं पुढं काय होणार त्यावर वर्ग: पिण्याचं दूध एका वर्गात, आईस्क्रीमचं दुसऱ्यात, चीजचं तिसऱ्यात, लोणी-पावडरचं चौथ्यात. शेतकऱ्याला मिळतो तो या सगळ्याचा सरासरी भाव. एवढं सूत्र असूनही २००३ साली तिथं दुधाचे सुमारे ७०,००० गोठे होते, ते २०२३ साली २६,००० च्या आसपास उरले. दूध कमी झालं नाही, उलट वाढलं. उरलेले गोठे मोठे झाले आणि लहान गेले.

मग दुधाला थांबवायचं कसं? खवा, लोणी, चीज, पावडर ही सगळी दुधाला थांबवण्याची साधनं. आईस्क्रीम त्यांतलंच एक. बाल्टिमोरच्या जेकब फसेल नावाच्या दूधव्यापाऱ्याकडं साय उरायला लागली, तेव्हा १८५१ मध्ये त्यानं तिचं आईस्क्रीम करून घाऊक विकायला सुरुवात केली. अमेरिकेतला आईस्क्रीमचा मोठा धंदा उरलेल्या सायीतून उभा राहिला! पुढं दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघरी फ्रीज आले, सुपरमार्केटं आली आणि बाटल्यांतून दारात दूध टाकणाऱ्यांचे रतीब तुटत गेले. दारात जाणारं दूध बंद झालं, पण लोकांकडं मोटारी आल्या होत्या. मग गिऱ्हाइकालाच गोठ्यापर्यंत आणायचं. १९५२ चं कोडं मला तरी असं सुटलं. लांबच लांब रांगेतला प्रत्येक माणूस खिडकीवर लिहिलेला भाव देत होता आणि तो भाव गोठ्याच्या मालकानं लिहिलेला होता.

या भागाचं आणि आपलं बर्फाचंही एक जुनं नातं आहे. मिडलटनपासून जवळच वेनहॅमचं तळं आहे. १८४० च्या दशकात तिथला बर्फ लंडनला जायचा. थंडीत तळी गोठली की घोडे आणि करवती लावून लाद्या कापायच्या आणि भुशात रचून जहाजात भरायच्या. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं १८३३ मध्ये 'टस्कनी' नावाच्या जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला १०० टनांच्या आसपास शिल्लक होता. लवकरच तो मुंबईलाही येऊ लागला. १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आईस्क्रीम वाढलं आणि यजमान-पाहुणे दोघांनाही सर्दी झाली, अशी गंमत 'मुंबई समाचार'च्या हवाल्यानं सांगतात. म्हणजे आपल्याकडच्या सुरुवातीच्या आईस्क्रीमला गारवा इथल्या तळ्यांनी दिला!

ते 'भुशात रचून' वाचलं आणि मला आमचं अंगण दिसलं. मे महिन्यात दादा कोल्हापूरहून सायकलवर बर्फाची लादी आणायचा, लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून. शेजारच्या गुरुजींकडून संचा आणायचा. मधल्या डब्यात आटवलेलं दूध, भोवती बर्फ आणि खडे मीठ. मिठानं बर्फ शून्याच्या बऱ्याच खाली जातो आणि दांडा फिरवत राहिलं की आतलं दूध कडेनं गोठत येतं. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी अशाच यंत्राचं पेटंट १८४३ मध्ये घेतलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. आम्ही भावंडं दांडा फिरवायला भांडायचो. शेवटी हात दुखायला लागले की भांडण मिटायचं.

तीन म्हशी होत्या आमच्या. आई पहाटे धार काढायची, गवळी यायचा, माप घालून न्यायचा. भाव त्याचा, मापही त्याचंच. "फेस बसू दे की रं जरा," आई म्हणायची. तो थांबायचा नाही. बाजारात दूध जास्त झालं की "आज नको" म्हणून निघून जायचा आणि आई ते सगळं विरजून टाकायची.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी याच दुखण्यावर इलाज शोधला होता. त्यांचं दूध मुंबईला जायचं, पण खरेदीचा मक्ता एका खासगी कंपनीकडं. ४ जानेवारी १९४६ ला समरखा गावात मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली. शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूधच घातलं नाही. त्याच वर्षी १४ डिसेंबरला त्यांचा संघ नोंदला गेला, तोच पुढं अमूल झाला. १९५५ मध्ये म्हशीच्या दुधाची पावडर करणारा कारखाना उभा राहिला आणि हिवाळ्यातलं जास्तीचं दूध उन्हाळ्यापर्यंत थांबू लागलं. (त्यांनी आईस्क्रीम काढलं ते थेट १९९६ ला.) आमच्या कोल्हापूर जिल्ह्याचा संघ १९६३ चा. गावात दूध संस्था झाली आणि आईच्या दुधाला फॅटवर भाव मिळायला लागला. म्हशीचं दूध सहा-सात टक्क्यांचं, गाईच्या जवळजवळ दुप्पट! दर दहा दिवसांनी बिल. त्या बिलातनं आईनं मला कोल्हापूरला ठेवलं, माझी बी.ए.ची फी भरली. वडील म्हणाले होते, पोरीला कशाला शिकवायचं? आई एवढंच म्हणाली, "म्हशी माझ्या हाईत."

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते. २०१३ साली माझा भाचा, दादाचा थोरला, माझ्याकडं आला. चार म्हशी होत्या. दूध संस्थेला घालण्याऐवजी घरच्या दुधाचं आईस्क्रीम करून हायवेवर विकायचं त्याच्या मनात होतं. हिशेब वहीत नीट लिहून आणला होता: मशीन, डीप फ्रीझर, जनरेटर. बँकेला जामीन हवा होता. तो मला म्हणाला, "आत्ती, तुमची पेन्शन आहे, तुम्ही सही करा."

मी वही वाचलीसुद्धा नाही. लाईट गेली तर माल विरघळेल, मोठ्या कंपन्यांपुढं तू टिकशील का, एमआयडीसीत नोकरी बघ... असं सगळं शहाणपण त्याला ऐकवलं. चहा पिऊन तो गेला. पुढं नोकरी लागली. दादा गेल्यावर म्हशीही गेल्या. आज त्या गोठ्यात दोन मोटारसायकली उभ्या असतात.

त्याचा धंदा चालला असता असं मी म्हणत नाही. बुडालाही असता. मिडलटनच्या त्या आजोबांचा गोठा मेहनती हातांतूनच गेला होता की. पण दुधाच्या पैशावर शिकलेली घरातली मी पहिली बाई आणि दुधावर विश्वास नसलेलीही मीच पहिली. आई निरक्षर होती, तरी तिनं माझ्यावर जोखीम घेतली होती. मला तर वही वाचता येत होती.

परत आल्यावर दिवाळीत गावाला गेले. भाच्याला सगळं सांगितलं: गोठा, रांग, खिडकीवरचा भाव. तो ऐकत राहिला. मग उठून शेजारून संचा मागून आणला. आईस्क्रीमसाठी दूध आणायला पोरगं दुकानात गेलं आणि चार पिशव्या घेऊन आलं. ज्या घरातनं रोज दोन वेळा दूध बाहेर जायचं, त्या घरात पिशवीतलं दूध! वहिनी काही बोलल्या नाहीत. कात्रीनं पिशव्या कापून पातेल्यात ओतल्या.

पोरं दांड्यासाठी भांडत होती. मी भाच्याला म्हटलं, "ती वही आहे का रे अजून?"

"असंल कुठंतरी माळ्यावर," तो म्हणाला. "का हो आत्ती?"

"वाचायची आहे," म्हटलं.

तो हसला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. वही अजून हाती आलेली नाही. मी दर आठवड्याला फोन करून विचारते.