स्वमग्न मुलांसाठी व्यायामोपचार

धावणे, पोहणे, योगासने, कराटे असा व्यायाम ठरावीक वेळी, ठरावीक क्रमाने आणि मुलाच्या कलाने करून घेण्याची पूरक उपचारपद्धती. स्वमग्नता (ऑटिझम) हा आजार नाही, मेंदूच्या जडणघडणीतला वेगळेपणा आहे. व्यायामाने तो जात नाही आणि तसा दावा करणाऱ्यांपासून पालकांनी दूरच राहावे. पण नेमाच्या व्यायामाने अंगाचा तोल, हालचालींचा मेळ आणि इतरांशी वागणे सुधारल्याचे अभ्यासांत दिसले आहे.

टोकियोत कियो कितहारा यांनी 1964 पासून आपल्या शाळेत स्वमग्न मुलांच्या दिनक्रमात धावण्याला मानाचे स्थान दिले. अमेरिकेत कर्न, कोगेल आणि डनलॅप यांनी 1984 मध्ये एक साधी तुलना केली : मुलांना कधी 15 मिनिटे पळवले, कधी तेवढाच वेळ चेंडू खेळू दिला. पळून आल्यावर हात फडफडवणे, डोलणे अशा त्याच त्या हालचाली घटल्या. चेंडूने फारसा फरक पडला नाही. दम लागणे महत्त्वाचे, हा त्यातला धडा. इराणमध्ये 14 आठवडे, आठवड्यातून चार वेळा कराटेचे ‘काता’ (ठरलेले डाव एका क्रमाने करणे) शिकवल्यावर त्याच त्या हालचाली कमी झाल्या आणि सराव थांबून महिना उलटल्यावरही तो परिणाम टिकून होता (2012). अर्थात या हालचालींनी मुलाला अनेकदा धीर मिळतो, म्हणून त्या दडपणे हा हेतू नसावा.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण मुंबईच्या जिया रायचे. उपचाराचा भाग म्हणून ती पोहायला लागली. फेब्रुवारी 2021 मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू ते गेटवे ऑफ इंडिया हे 36 किलोमीटर अंतर तिने 8 तास 40 मिनिटांत कापले. जुलै 2024 मध्ये, सोळाव्या वर्षी, ती इंग्लिश खाडी पार करून गेली. प्रत्येक मूल जिया होणार नाही. तशी अपेक्षा लादणे अन्यायाचे आहे.

शिरूर तालुक्यातल्या शिक्रापूरसारख्या गावातून थेरपीसाठी पुणे गाठायचे म्हणजे नगर रस्त्यावरची गर्दी आणि हॉर्न सोसणे आले. आवाजाने बिथरणाऱ्या मुलाला हा प्रवासच जड जातो. म्हणून तज्ज्ञाने आखून दिलेला व्यायाम शाळेच्या मैदानावर रोज होणे मोलाचे. 2012 च्या एका आढाव्यात गटापेक्षा एकेकट्याला दिलेला व्यायाम अधिक गुणकारी ठरला होता. तेव्हा आई किंवा आजोबा सोबत असले तरी पुरते. फक्कीने गोल आखावेत, ‘या गोलातून त्या गोलात’ असे आधी स्वतः उडी मारून दाखवावे, किती फेऱ्या उरल्या ते चित्रांच्या पट्टीवर दिसू द्यावे. लांबलचक सूचना टाळाव्यात. लेझीमचा ठेका एखाद्याला खुलवतो, दुसरा तोच ऐकून कान झाकतो. त्याला सूर्यनमस्कार बरे.

पोहण्याची गोष्ट वेगळी. अनेक स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असते आणि त्यांच्यात बुडण्याचा धोकाही जास्त असतो. विहिरी, शेततळी आणि चासकमानचा कालवा असलेल्या शिरूर तालुक्यात पाठीवर तरंगणे आणि काठ पकडणे हे दोन धडे सगळ्यांत आधी द्यायला हवेत. अनेक स्वमग्न मुलांना फिट्सचाही त्रास असतो. त्यांना डॉक्टरांना विचारूनच, हाताच्या अंतरावर मोठे माणूस ठेवून पाण्यात उतरवावे.