घर एक, मागे दहा खोल्या अन् एक शेड : व्हॅल्युएशनची फी कशी लागते?

चाकण : नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या पट्ट्यात आता नुसतं राहतं घर असलेलं कुटुंब शोधावं लागतं. पुढे आरसीसी बंगला, मागे कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या, बाजूला पत्र्याचं शेड, जुना गोठा, बोअर, कंपाउंड. असा सगळा पसारा एकाच गटात. बँकेत कर्जाला गेलं, की बँक सांगते, "आमचे व्हॅल्युअर येऊन पाहून जातील." व्हॅल्युअर येतात, फोटो काढतात, टेप लावतात आणि मग बिल येतं. घराचे वेगळे, खोल्यांचे वेगळे, शेडचे वेगळे. हे बरोबर आहे का, असा प्रश्न आमच्याकडे बऱ्याच जणांनी विचारला. म्हणून ही माहिती.

अमेरिकेत घर घेण्याआधी होम इन्स्पेक्टर बोलावतात. तो घराची एक ठराविक फी घेतो आणि वेगळं गॅरेज, शेड असलं तर वर जादा पैसे लावतो. आपल्याकडे तसा धंदा फारसा नाही. आपल्याकडे ते काम येतं मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडे, आणि तो घराची दुरुस्ती नाही, किंमत सांगतो.

पहिली गोष्ट लक्षात ठेवा : फी कोणत्या कामासाठी आहे त्यावर नियम बदलतो.

आयकराच्या कामासाठी रिपोर्ट हवा असेल, तर फीवर मर्यादा आहे. उदाहरणार्थ, वडिलोपार्जित घर विकलं आणि १ एप्रिल २००१ ची किंमत काढायची आहे. ही मर्यादा संपत्ती कर नियम १९५७ मधल्या नियम ८सीमध्ये दिली आहे. संपत्ती कर बंद झाला, पण त्या कायद्याच्या कलम ३४ एबीखाली नोंदलेले व्हॅल्युअर आयकराच्या कामाला चालू राहिले. दर असे : किमतीच्या पहिल्या ५ लाखांवर अर्धा टक्का, पुढच्या १० लाखांवर ०.२ टक्के, त्यापुढच्या ४० लाखांवर ०.१ टक्के आणि उरलेल्या रकमेवर ०.०५ टक्के. हिशोब ५०० रुपयांपेक्षा कमी आला तर ५०० रुपये घेता येतात.

आता आपल्या कामाचं कलम. त्याच नियमात म्हटलंय, की एकाच माणसाच्या दोन किंवा जास्त मालमत्तांचं मूल्यांकन करायचं असेल, तर फीच्या हिशोबासाठी त्या सगळ्या मिळून एकच मालमत्ता धरायची. याचा फरक किती पडतो ते बघा.

समजा घर ३० लाखांचं, खोल्यांची चाळ २० लाखांची, शेड ५ लाखांचं. एकूण ५५ लाख. एकत्र धरलं तर २,५०० अधिक २,००० अधिक ४,०००, म्हणजे ८,५०० रुपये. तेच वेगवेगळं धरलं तर घराचे ६,०००, खोल्यांचे ५,००० आणि शेडचे २,५००, मिळून १३,५००. कारण प्रत्येक वेळी पहिल्या ५ लाखांचा महाग टप्पा परत लागतो. कागदावर ५ हजारांचा फरक, आणि ही वरची मर्यादा आहे. त्यापेक्षा कमी घ्यायला कोणाचीच हरकत नसते.

एक गोष्ट इथंच सांगतो. २००१ च्या किमतीचा रिपोर्ट काढताना ती किंमत त्या दिवशीच्या मुद्रांक शुल्काच्या, म्हणजे रेडी रेकनरच्या किमतीपेक्षा जास्त दाखवता येत नाही, जिथे ती उपलब्ध आहे तिथे. त्यामुळे "मी जास्त दाखवून देतो" असं कोणी म्हणालं तर फी द्यायच्या आधी हा नियम आठवावा.

बँकेच्या कर्जाला मात्र वरचा तक्ता लागू नाही. बँका आपल्या पॅनेलवरच्या व्हॅल्युअरसाठी फीचे टप्पे ठरवतात. व्हॅल्युअर बँकेने पाठवलेला, पैसे मात्र खिशातून आपले. कर्ज नामंजूर झालं तरी फी सहसा परत मिळत नाही, कारण माणूस येऊन काम करून गेलेला असतो. म्हणून पाहणीच्या आधी शाखेत विचारा : जादा बांधकामाची फी वेगळी आहे का, जाण्यायेण्याचे पैसे वेगळे आहेत का? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक आणि लघुउद्योग कर्जांना मुख्य तथ्य पत्रक द्यावं लागतं. त्यात व्हॅल्युएशन फीचा वेगळा रकाना आहे आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं. मराठीत मागा. पत्रकात नसलेला आकार तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही.

बिलावर १८ टक्के जीएसटी दिसला तर जीएसटी नंबर आहे का ते बघा. नोंदणी नसलेल्या व्हॅल्युअरला जीएसटी वसूल करता येत नाही.

फीपेक्षा मोठं नुकसान मात्र दुसरीकडेच होतं. खोल्यांना बांधकाम परवानगी नसली, तर बँकेचा व्हॅल्युअर त्या मोजतो, फोटो काढतो, पण रिपोर्टमध्ये बरेचदा त्यांची किंमत शून्य धरली जाते. ज्या खोल्यांच्या भाड्यावर घर चालतं, त्याच खोल्या बँकेला दिसत नाहीत! ग्रामपंचायतीची घरपट्टी पावती आणि नमुना ८ चा उतारा दाखवून "नोंद आहे की" म्हणणारे खूप भेटतात. पण नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. ती मालकीचा पुरावाही नाही आणि बांधकाम परवानगीही नाही. परवानगी कोणाची, हे तुमची जागा नगरपरिषद, पीएमआरडीए की एमआयडीसीच्या हद्दीत आहे त्यावर ठरतं. तेव्हा व्हॅल्युअर बोलावण्याआधीच शाखेत स्पष्ट विचारा, की विनापरवाना खोल्या धरणार की नाही. धरणार नसतील, तर त्या मोजण्याची फी तरी कशाला द्यायची?

गोठा, बोअर, कंपाउंड यांचं तसं नाही. त्यांना वेगळी फी मागण्याइतकं काम नसतं, ते त्याच पाहणीत, त्याच रिपोर्टमध्ये चार ओळीत येतात. शेड मोठं असेल, आत छोटा कारखाना चालत असेल, तर मात्र लोखंडाचं वजन, पत्रा, फ्लोअरिंग असं वेगळं मोजावं लागतं. तिथे थोडी जादा फी मागितली तर ती वाजवी म्हणता येईल.

रस्त्यासाठी किंवा प्रकल्पासाठी जमीन जात असेल तर गोष्टच वेगळी. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २९ प्रमाणे जिल्हाधिकारी इमारती आणि इतर बांधकामांची किंमत तज्ज्ञ अभियंत्याकडून काढून घेऊ शकतात, झाडांसाठी आणि पिकांसाठीही जाणकार नेमता येतात. याची फी शेतकऱ्याने द्यायची नसते. मोजणीला आलेल्या कोणी "गोठा लावून देतो, विहीर लावून देतो" म्हणून पैसे मागितले, तर ते देऊ नका. मोजणीच्या वेळी स्वतः हजर राहा आणि विहीर, पाइपलाइन, झाडं पंचनाम्यात आली का ते सही करण्याआधी वाचा. एकदा सुटलेली पाइपलाइन नंतर दाखवणं फार जड जातं.

खासगी व्हॅल्युअर लावत असाल तर फी आधी लेखी घ्या. कंपनी कायद्याखालच्या २०१७ च्या मूल्यांकन नियमांत व्हॅल्युअरसाठी आचारसंहिता आहे. फी पारदर्शक असावी, लेखी करारात लिहिलेल्या फीव्यतिरिक्त काही घेऊ नये आणि कामाच्या निकालावर ठरणारी फी घेऊ नये, असं त्यात आहे. "किंमत वाढवून दिली की मला इतके टक्के" असं बोलणारा माणूस दारात आला, तर त्याचा नोंदणी क्रमांक आधी मागा.