माल परत का येतो? वसईच्या गाळ्यांमधलं क्वालिटी ट्रेनिंग समजून घेऊया

वसई रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून वालीव, सातिवली, गोखिवरे या बाजूला गेलात, तर एकाला एक चिकटून उभे असलेले औद्योगिक गाळे दिसतात. एका गाळ्यात लेथ, शेजारी पॉवर प्रेस, वरच्या मजल्यावर प्लास्टिक मोल्डिंग किंवा पॅकेजिंग. याच पालघर जिल्ह्यात तारापूरला एमआयडीसी आहे, पण वसईतल्या बहुतेक वसाहती खासगी किंवा सहकारी आहेत.

इथलं बरंचसं काम जॉबवर्कचं. मोठी कंपनी ड्रॉइंग देते, गाळ्यात पार्ट बनतो, चलानवर माल जातो. कधीकधी तो तसाच परत येतो, सोबत डेबिट नोट. 'क्वालिटी ट्रेनिंग' हा शब्द सरकारी पत्रकांमध्ये फार मोघम वाटतो, पण त्याचा खरा संबंध या परत आलेल्या मालाशी आहे.

५ टक्के रिजेक्शन म्हणजे किती पैसे?

एक साधं उदाहरण घेऊ. समजा, एका गाळ्याला १०,००० बुशची ऑर्डर मिळाली, दर नगाला १४ रुपये. बिल झालं १ लाख ४० हजारांचं. सगळा खर्च वजा जाता ८ टक्के सुटतात असं धरलं, तर नफा ११,२०० रुपये.

आता ५ टक्के माल नापास झाला. म्हणजे ५०० नग, ७,००० रुपये. मटेरियल, वीज, मजुरी यांवर खर्च आधीच झालेला असल्याने हे पैसे थेट नफ्यातून जातात. भंगाराचे थोडे मिळतील ते सोडा. हातात उरतात ४,२०० रुपये. ऐकायला किरकोळ वाटणारे ५ टक्के निम्म्याहून जास्त नफा खाऊन जातात. यात पुन्हा बनवायचा वेळ आणि टेम्पोचं भाडं धरलेलंच नाही.

मग शिकायचं काय?

सगळ्यात आधी मोजायला. हे वाचून कुणी हसेल, कारण व्हर्नियर तर प्रत्येक गाळ्यात असतो. पण ड्रॉइंगवर २० मिलिमीटर, अधिक-उणे ०.०५ असं लिहिलं असेल, तर १९.९५ ते २०.०५ एवढीच मोकळीक आहे. नेहमीच्या व्हर्नियरचा लघुतम माप ०.०२ मिलिमीटर, मायक्रोमीटरचा ०.०१. मोजमापाच्या क्षेत्रात एक ढोबळ नियम वापरतात: जेवढी एकूण मोकळीक, तिच्या दहाव्या भागापर्यंत मोजू शकणारं साधन हवं. इथे मोकळीक ०.१०, म्हणजे मायक्रोमीटर हवा. व्हर्नियरवर पास झालेला माल गिऱ्हाइकाच्या मायक्रोमीटरवर नापास होतो, आणि मग 'तुमचं माप चुकीचं' असे फोन सुरू होतात.

दुसरी गोष्ट तापमानाची. मापं २० अंश सेल्सिअसला धरायची, हे जगभर ठरलेलं आहे. ॲल्युमिनियमचा १०० मिलिमीटरचा पार्ट मशीनवरून गरमागरम उतरला आणि २० अंशांनी जास्त तापलेला असला, तर तो साधारण ०.०४६ मिलिमीटरने लांब भरतो. म्हणजे अधिक-उणे ०.०५ मधली एका बाजूची जवळजवळ सगळी मोकळीक नुसत्या उष्णतेत गेली. पार्ट थंड होऊ द्या, मग मोजा. एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात, पण ते कुणीतरी सांगावं लागतं.

तिसरी गोष्ट म्हणजे कधी मोजायचं. बहुतेक ठिकाणी तपासणी शेवटी, माल भरताना होते. तोपर्यंत टूल झिजलेलं असतं आणि चूक शेकडो नगांमध्ये गेलेली असते. म्हणून सेटिंग झाल्यावर पहिला नग पूर्ण तपासायचा, त्याशिवाय मशीन सोडायचं नाही. पुढे दर तासाला दोन-तीन नग मोजून आकडे कागदावर मांडायचे. आकडे हळूहळू एका बाजूला सरकताना दिसले, तर माल बिघडायच्या आधीच टूल बदलता येतं. हाच तो 'एसपीसी', म्हणजे संख्याशास्त्रीय प्रक्रिया नियंत्रण. नाव जड आहे, सुरुवात वहीच्या एका पानावर होते.

ठरावीक पार्ट रोज बनत असेल, तर 'गो, नो-गो' गेज सगळ्यात सोपा. त्याची एक बाजू भोकात गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. वाचायचा आकडाच नाही, त्यामुळे नवा हेल्परसुद्धा तपासू शकतो. मात्र गेजही झिजतो. त्याचं आणि मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबकडून ठरलेल्या मुदतीत करून घ्यावं लागतं.

प्लास्टिकवाल्यांचं दुखणं थोडं वेगळं. नायलॉन हवेतला ओलावा शोषतं, आणि वसई खाडी-समुद्राच्या कुशीतली. पावसाळ्यात दाणे न सुकवता हॉपरमध्ये टाकले, की नगावर चंदेरी रेषा उमटतात आणि पार्ट ठिसूळ होतो. मशीनमध्ये दोष शोधत बसण्याआधी ड्रायर किती तास चालला ते पाहायला हवं. शॉर्ट शॉट, फ्लॅश, सिंक मार्क या प्रत्येक दोषामागची कारणं ठरलेली असतात आणि ती शिकवता येतात.

पॉवर प्रेसवर तर चुकीची किंमत नगात मोजत नाहीत. एका हाताने पत्रा सरकवायचा आणि पायाने पेडल दाबायचं, या सवयीत बोटं जातात. दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही अशी रचना, डायपुढे गार्ड आणि डाय बदलताना मेन स्विच बंद, हे प्रशिक्षणातून वगळलं तर ते प्रशिक्षण अर्धवटच.

हे शिकवतं कोण?

स्वातंत्र्यानंतर लघुउद्योगांना तांत्रिक सल्ला देण्यासाठी १९५४ मध्ये केंद्राने लघुउद्योग विकास संघटना उभी केली. तिची मुंबईतली संस्था आज 'एमएसएमई विकास आणि सुविधा कार्यालय' या नावाने साकीनाक्याला आहे. वसई रोडहून लोकलने अंधेरी आणि तिथून मेट्रो, असा रस्ता. मालाची चाचणी करून देणारं एमएसएमई टेस्टिंग सेंटरही त्याच भागात आहे.

डाय, मोल्ड, सीएनसी असं खोलात शिकायचं तर छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम नावाजलेलं. प्लास्टिकसाठी सिपेट ही केंद्रीय संस्था, तिचंही एक केंद्र संभाजीनगरलाच. दोन्ही चांगल्या संस्था, पण चार मशीनच्या गाळ्यातला सेटर आठवडाभर तिकडे पाठवणं म्हणजे आठवडाभर एक मशीन बंद. वसईत विद्यावर्धिनीचं पॉलिटेक्निक आणि इंजिनीअरिंग कॉलेज आहे. गाळेवाल्यांनी अशा जवळच्या संस्थांशी बोलून रविवारचे वर्ग मागावेत, असं मला वाटतं. दहा गाळे मिळून मागणी घेऊन गेले तर तिला वजन येतं.

झेड आणि लीन म्हणजे काय?

'झेड' म्हणजे झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट: मालात दोष नको आणि पर्यावरणावर दुष्परिणाम नको. ही योजना १८ ऑक्टोबर २०१६ रोजी लुधियानात सुरू झाली आणि २८ एप्रिल २०२२ रोजी नव्या रूपात आली. तिच्यात तीन पायऱ्या आहेत. ब्राँझसाठी ५ निकष: नेतृत्व, स्वच्छ कामाची जागा, कामगारांची सुरक्षितता, वेळेवर डिलिव्हरीचं मोजमाप आणि गुणवत्ता व्यवस्थापन. सिल्व्हरला १४ आणि गोल्डला २० निकष.

नव्या रूपातली फी ब्राँझला १० हजार, सिल्व्हरला ४० हजार, गोल्डला ९० हजार रुपये. तिच्यात सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुउद्योगाला ६० आणि मध्यम उद्योगाला ५० टक्के सवलत. महिलांच्या मालकीच्या उद्योगांसाठी पुढे ही मदत १०० टक्के झाली. झेडची शपथ घेणाऱ्याला १० हजारांचं जॉइनिंग रिवॉर्डही ठेवलेलं आहे, त्यामुळे ब्राँझचा खर्च जवळजवळ शून्यावर येतो. अर्ज करताना पोर्टलवर चालू दर बघून घ्या.

१ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा यंत्रसामग्रीत अडीच कोटींची गुंतवणूक आणि १० कोटींची उलाढाल अशी आहे. वसईतले बहुतेक छोटे गाळे यात सहज बसतील. अट एकच, उद्यम नोंदणी हवी.

'लीन' योजना १० मार्च २०२३ रोजी नव्याने सुरू झाली. तिच्यात सल्लागार गाळ्यात येऊन ५-एस, कायझेन, मशीनचा सेटिंग वेळ कमी करणं अशा पद्धती लावून देतो आणि त्या खर्चातला ९० टक्के वाटा केंद्र सरकार उचलतं. माझ्या मते वसईसारख्या ठिकाणी झेडपेक्षा ही योजना जास्त उपयोगाची, कारण शिकवणारा मशीनपाशी येतो.

ब्राँझसाठी फोटो आणि कागदपत्रं अपलोड करायची असतात. एजंटला पैसे देऊन ती तयार करून घेता येतात, सर्टिफिकेट भिंतीवर लागतं आणि पुढच्या महिन्यात माल पुन्हा परत येतो. आयएसओ ९००१ चंही अनेक ठिकाणी हेच झालं आहे. हे सर्टिफिकेट कामाची पद्धत तपासतं, तुमचा बुश २० मिलिमीटरचा आहे की नाही हे नाही.

शिकवलेला माणूस सोडून गेला तर?

ही शेठ लोकांची सगळ्यात खरी तक्रार. शेजारच्या गाळ्यात हजार रुपये जास्त मिळाले की ऑपरेटर जातो, काही जण सणाला किंवा शेतीच्या कामाला गावी जातात ते परतत नाहीत. यावर अमेरिकेने १९४० च्या दशकात, युद्धामुळे कारखान्यांत नवखे कामगार भरले तेव्हा, एक पद्धत बसवली. नाव 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री'. कामाचे छोटे टप्पे पाडायचे, मुकादमाने ते करून दाखवायचे, मग नवख्याकडून करून घ्यायचे आणि त्यालाच कारण सांगायला लावायचं. युद्धानंतर ती जपानने उचलली. यात कसब एका माणसाच्या डोक्यात न राहता टप्प्यांच्या कागदावर येतं.

वसईत हा कागद हिंदीत आणि चित्रांसकट असावा लागेल, कारण कामगार बरेचसे उत्तर भारतातले. चांगल्या नगाचा आणि नापास नगाचा नमुना मशीनशेजारी तारेने टांगून ठेवला, तर भाषेचीही गरज उरत नाही.

नवी माणसं तयार करायला ॲप्रेंटिस योजनाही आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ॲप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. म्हणजे आठ जणांचा गाळाही घेऊ शकतो, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेतून विद्यावेतनाचा काही भाग सरकार देतं.

सुरुवात करायची असेल, तर गेल्या तीन महिन्यांच्या डेबिट नोटा काढा आणि प्रत्येकीसमोर कारण लिहा: माप, फिनिश, मटेरियल, पॅकिंग की उशीर. साकीनाक्याच्या कार्यालयात किंवा लीनच्या सल्लागारासमोर बसाल, तेव्हा ती यादी आणि त्या पार्टचं ड्रॉइंग सोबत ठेवा.