आकडा नसलेला कर्णधार

संत तुकाराम नगरच्या एका अंगाला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा जुना पसारा आहे, तर दुसऱ्या अंगाला नेहरूनगर आणि तिथले मेजर ध्यानचंद यांच्या नावाचे हॉकीचे मैदान. पिंपरीच्या या पट्ट्यात खेळाडू बऱ्याचदा जगला तो कारखान्याच्या हजेरीपटावर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेल्या मुरलीकांत पेटकर यांना टेल्कोने नोकरी दिली. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळवले. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये आणि त्यांच्यावरचा चित्रपट आला तो २०२४ मध्ये. हा उशीर लाजिरवाणाच आहे. पण शेवटी दखल घेता आली, कारण एक आकडा कागदावर शाबूत होता. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजलेली ती कामगिरी नाकारायची कोणाची टाप नव्हती. ज्या खेळाडूने असा आकडा मागे ठेवलाच नाही, त्याचे माप मात्र आपण घेऊच शकलेलो नाही. महाराष्ट्रात या गफलतीचे सर्वांत ठळक उदाहरण आहे बास्केटबॉलपटू गुलाम अब्बास मुंतसिर यांचे.

मुंतसिर १९४२ साली मुंबईत जन्मले, नागपाड्यात खेळ शिकले, भारताकडून आशियाई अजिंक्यपद स्पर्धांत खेळले, भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. आक्रमक खेळ ही त्यांची ख्याती. तरीही मराठी वाचकांपैकी किती जणांना हे नाव ओळखीचे वाटेल? त्यांना पुरस्कार मिळाला त्याच्या पुढच्याच वर्षी वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजमध्ये मालिका जिंकली आणि गावसकरांच्या ७७४ धावा घराघरात पाठ झाल्या. मुंतसिरही त्याच शहराचे आणि त्याच काळातले, पण त्यांच्या नावापुढे लिहायला तसा एकही आकडा नाही. याचे खापर क्रिकेटच्या वेडावर फोडणे सोपे आहे. मला मात्र दोष हिशेबाच्या वहीत दिसतो. बास्केटबॉलच्या अधिकृत गुणपत्रकावर खेळाडूच्या नावापुढे दोनच गोष्टी येतात, गुण आणि फाउल. समोरच्याला सुचू न देणारा दबाव, हातातून हिसकावलेला चेंडू, मोकळ्या सहकाऱ्याला वेळेवर दिलेला पास यांतले काहीच त्या कागदावर उतरत नाही. अमेरिकेच्या एनबीएनेही हिसकावलेले आणि अडवलेले चेंडू अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली ती १९७३-७४ च्या हंगामापासून. अकरा विजेतेपदे मिळवणारा बिल रसेल त्याआधीच, १९६९ साली निवृत्त झाला होता. त्याने किती चेंडू अडवले याची अधिकृत बेरीज त्यामुळे आजही कुठे नाही. रसेलकडे निदान अकरा विजेतेपदे तरी होती, मुंतसिरांच्या पिढीकडे तीही नव्हती. बरे, तीन गुणांची रेषा आंतरराष्ट्रीय नियमांत आली १९८४ मध्ये, म्हणजे लांबून टाकलेली बास्केटही त्यांच्या काळी दोनच गुणांची होती. आजचे गुण त्या गुणांशेजारी ठेवून तुलना करणेही जमण्यासारखे नाही.

मग माप कशाने घ्यायचे? माझ्या मते वस्तीने, आणि त्यासाठी नागपाड्याचा इतिहास पाहावा लागतो. मराठी वाचकाला अमेरिकन मराठी मिशन आठवते ते 'ज्ञानोदय'मुळे आणि नगरच्या शाळांमुळे. याच मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात नागपाडा नेबरहूड हाऊस उभारले. कल्पना शिकागोच्या हल हाऊसच्या वळणाची होती. गरीब वस्तीत ठाण मांडायचे आणि तिथेच दवाखाना, वर्ग, वाचनालय, खेळ चालवायचे. १९३६ साली टाटांच्या देणगीतून समाजकार्याची जी पदव्युत्तर शाळा निघाली, आजची टाटा समाजविज्ञान संस्था, तिची सुरुवातही याच नागपाड्यात झाली. मुंतसिरांना चेंडू हाताळायला शिकवला तो इथल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी. हाच खेळ तिथे रुजला याला साधे भौमितिक कारणही आहे. बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, म्हणजे ४२० चौरस मीटर. मदनपुरा, भायखळा आणि कामाठीपुरा यांच्यामध्ये दाटीवाटीने वसलेल्या भागात क्रिकेटचे मैदान कुठून आणायचे? एवढा तुकडा मात्र सापडू शकतो. दहा फुटांवर लोखंडी कडे ठोकले की दहा जणांना खेळता येते आणि भोवती शे-दोनशे माणसे उभी राहू शकतात. प्रेक्षक इतके जवळ असले की खेळाडूचे नाव व्हायला वर्तमानपत्राची वाट पाहावी लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की श्रेय मिशनचे आहे, मुंतसिरांचे काय? आक्षेप निम्मा खरा आहे. पण हा खेळच मुळी वायएमसीएच्या घरात जन्मला. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला पीचच्या टोपल्या टांगून तो सुरू केला, आणि मिशन व वायएमसीए यांनी तो आपल्याकडे अनेक शहरांत नेला. चेंडू सगळीकडे पोचला, पण परदेशी शिक्षक गेल्यावर खेळ टिकून राहिला असे मोहल्ले थोडेच. नागपाड्यात तो टिकला. मस्तान वायएमसीए आणि नागपाडा बास्केटबॉल असोसिएशन ही नावे मुंबईच्या स्पर्धांत पुढेही गाजत राहिली. आपल्याच गल्लीतला एक मुलगा देशाचा कर्णधार झाला, हे डोळ्यांसमोर असणे आणि पाहुण्या साहेबाने खेळ शिकवणे यांत फरक पडतोच. मिशनने खेळ आणला हे मान्य, पण तो वस्तीचा झाला तो मुंतसिर आणि त्यांच्या पिढीमुळे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. भारताने बास्केटबॉलमध्ये जिंकले तरी काय? आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतली आपली सर्वोत्तम कामगिरी म्हणजे १९७५ च्या बँकॉकमधला चौथा क्रमांक. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकला आपण बहिष्कारामुळे रिकाम्या झालेल्या जागी गेलो आणि सगळे सामने हरलो. हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि मुंतसिरांना जागतिक दर्जाचे ठरवण्याचा हट्टही मी धरत नाही. पण हाच इतिहास उलट बाजूनेही वाचता येतो. जो चौथा क्रमांक पुढच्या कुठल्याच पिढीला ओलांडता आला नाही, तो लाकडी फळ्या, सिमेंटची मैदाने आणि नोकरी सांभाळून केलेला सराव यांच्या काळातला आहे. 'अर्जुन मिळाला, मग उपेक्षा कसली?' असेही कोणी म्हणेल. पुरस्काराने नाव सरकारी यादीत जाते. लोकांच्या आठवणीत ते जावे यासाठी कोणालातरी तपशील लिहावे लागतात, आणि तिथे आपले मराठी क्रीडालेखन कमी पडले. नागपाड्याची बोली उर्दू आणि क्रीडापानाची मराठी, हे अंतरही त्यात आडवे आले असावे. शिवाजी पार्कच्या खेळपट्ट्यांवर पुस्तके निघाली, नागपाड्याच्या सिमेंटवर मात्र फारसे कोणी लिहिले नाही.

पिंपरी-चिंचवडने यातून घेण्यासारखे बरेच आहे. इथे १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महापालिका. नागपाड्याच्या मानाने इथे जमीनही मोकळी मिळाली आणि कंपन्यांचा पैसाही आला. तरी कामगार वसाहतींच्या मैदानांवर कोण खेळले, कोणी शिकवले, कोणत्या खात्यातल्या कामगाराने पाळी संपवून संघ उभा केला याच्या नोंदी करण्यात आपण ढिलेच आहोत. मुंतसिरांबरोबर आणि त्यांच्याविरुद्ध खेळलेले लोक आज ऐंशीच्या घरात आहेत, आणि संत तुकाराम नगर परिसरातल्या पहिल्या पिढीच्या कामगार-खेळाडूंचे वयही त्याच्या जवळपास. गुणपत्रकाने जे टिपले नाही ते आता फक्त या माणसांच्या तोंडून मिळेल. कंपन्यांच्या क्रीडा मंडळांनी जुन्या वह्या रद्दीत घालण्याआधी महापालिकेच्या ग्रंथालयाकडे द्याव्यात, आणि क्रीडा पत्रकारांनी नागपाड्यापासून नेहरूनगरपर्यंत ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन फिरावे. हे काम येत्या चार-पाच वर्षांतच व्हायला हवे.