सॉफ्टबॉल : खेळाडू बाहेर काढल्यावर संघाचे काय होते?

हॉकी वा फुटबॉलमध्ये लाल कार्ड मिळालेला खेळाडू मैदान सोडतो आणि त्याचा संघ एका खेळाडूने कमी होऊन खेळत राहतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४ ऑगस्ट २०२४ रोजी ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला १७व्या मिनिटाला बाहेर जावे लागले. उरलेला सामना भारताने दहा खेळाडूंनिशी खेळून १-१ असा बरोबरीत सोडविला आणि शूटआउटमध्ये ४-२ असा विजय मिळविला. सॉफ्टबॉलमध्ये अशी झुंज शक्यच नाही. महाराष्ट्रात शालेय व आंतरविद्यापीठ स्पर्धांमधून हा खेळ खेळला जातो, तरीही नियमांतील हा फरक अनेकदा सामना हातचा गेल्यावरच संघांच्या लक्षात येतो.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सॉफ्टबॉलच्या संघात नऊ खेळाडू असलेच पाहिजेत. बाहेर काढलेल्या खेळाडूची जागा राखीव खेळाडूने भरायची असते, आणि त्याच्याकडे फलंदाजीच्या क्रमातील तेच स्थान येते. तो खेळाडू धावक म्हणून बेसवर असेल, तर बदली खेळाडू त्या बेसवर उभा राहतो. जागा भरता आली नाही, तर प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल मिळते व निकाल ७-० असा नोंदविला जातो. सात डावांचा सामना, म्हणून प्रत्येक डावाची एक धाव असा हा हिशेब आहे.

पंचांचे अधिकार

खेळाडूला वा प्रशिक्षकाला बाहेर काढण्याचा अधिकार प्लेटवरील पंच आणि बेसवरील पंच यांना सारखाच आहे. चेंडू हाती घेऊन उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाला धावकाने मुद्दाम धडक देणे, फेरफार केलेली बॅट वापरणे, पंचांना अपशब्द वापरणे ही त्याची ठळक कारणे होत. धडकेच्या प्रसंगी धावक बादही दिला जातो. सामान्यतः चालू खेळ थांबल्यावरच पंच 'टाइम' पुकारतात आणि निर्णय जाहीर करून तो संघाच्या व्यवस्थापकाला व गुणलेखकाला कळवितात. बाहेर काढलेला खेळाडू पुन्हा खेळताना आढळल्यास सामनाच गमवावा लागतो.

बाकावर खेळाडू, तरीही संघ अपुरा

खरी गुंतागुंत पुनर्प्रवेशाच्या नियमात आहे. सुरुवातीच्या नऊ जणांपैकी कोणीही बदलला गेल्यास तो एकदा परत येऊ शकतो, मात्र फलंदाजीच्या आपल्या मूळ क्रमांकावरच. नंतर आलेला राखीव खेळाडू एकदा बाहेर गेला की परत येत नाही.

समजा, एका संघाकडे अकराच खेळाडू आहेत. तिसऱ्या डावात नवव्या क्रमांकाच्या पिचरऐवजी पहिला राखीव खेळाडू आला. पाचव्या डावात चौथ्या क्रमांकाच्या खेळाडूला पंचांनी बाहेर काढले व त्याच्या जागी दुसरा राखीव आला. सहाव्या डावात दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडूही हुज्जत घालून बाहेर गेला. पिचर बाकावर बसलेला दिसतो, पण त्याला फक्त नवव्या क्रमांकावर येता येते. दुसरा क्रमांक रिकामाच राहतो आणि सामना तेथेच संपतो. मोजक्या खेळाडूंनिशी प्रवास करणाऱ्या संघांच्या दृष्टीने ही तरतूद कठोरच म्हणावी लागेल.

यावर थोडा दिलासा आहे तो 'डेसिग्नेटेड प्लेअर'च्या पद्धतीचा. या पद्धतीत यादीत दहा नावे असतात : एक जण फक्त फलंदाजी करतो, तर 'फ्लेक्स' म्हणून ओळखला जाणारा दहावा फक्त क्षेत्ररक्षण. या दोघांपैकी एक गेला, तर उरलेला दोन्ही कामे करू शकतो आणि नऊची संख्या कायम राहते.

'यूएसए सॉफ्टबॉल' या अमेरिकी संघटनेने मात्र वेगळी वाट ठेवली आहे. दुखापतीमुळे वा अन्य कारणाने खेळाडू गेल्यास तेथे एक जण कमी घेऊन खेळता येते. रिकाम्या क्रमांकाची पाळी आली की प्रत्येक वेळी एक बाद मोजला जातो. पण पंचांनी बाहेर काढलेल्या खेळाडूच्या बाबतीत ही सवलत नाही. दुर्दैव आणि गैरवर्तन यांत केलेला हा भेद योग्यच वाटतो.

तक्रार करायची असल्यास

बाद की नाबाद, स्ट्राइक की बॉल, असे पंचांच्या दृष्टीवर अवलंबून असलेले निर्णय तक्रारीचा विषय होत नाहीत. नियमाचा अर्थ चुकीचा लावला गेला असे वाटल्यास पुढचा चेंडू टाकण्यापूर्वी हरकत नोंदवावी लागते. रागाच्या भरात संघ मैदानाबाहेर नेणे हा मार्ग मात्र सॉफ्टबॉलमध्येही पुढे चाल देण्याकडेच जातो. फुटबॉलमध्ये बंगळूरुच्या कांतीरवा मैदानावर ३ मार्च २०२३ रोजी हेच घडले. सुनील छेत्रीच्या फ्री किकवरील गोल मान्य झाल्याने केरळ ब्लास्टर्सचा संघ जादा वेळेत निघून गेला. सामना बंगळूरुला मिळाला. पुढे केरळ संघाला चार कोटी रुपयांचा दंड झाला आणि प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांच्यावर दहा सामन्यांची बंदी आली.