दाजीबा भालकीला पोचतो तेव्हा

मोबाइल घरीच ठेवा. इथं त्याला रेंज मिळणार नाही, आणि लग्नाच्या मांडवातल्या पोरांनी तो पाहिला तर उत्तरं देता देता तुमची रात्र जाईल. मे २००३. उन्हानं डांबर मऊ पडलंय. तुम्ही उतरलात ते गाव गुलबर्गा. कलबुर्गी हे नाव कानडी बोलण्यात आहेच, पण सरकारदरबारी ते लागायला २०१४ उजाडेल. इथून बीदरला रेल्वेनं जाऊ म्हणत असाल तर तोही विचार सोडा. त्या मार्गाचं उद्घाटन व्हायचंय २०१७ च्या ऑक्टोबरात. आज हुमनाबादवरून बस, आणि तीही मिळेल तेव्हा. पाणी मात्र बरोबर घ्या. गेल्या पावसाळ्यानं निम्म्या देशाला दगा दिलाय आणि गावोगाव टँकरमागं घागरींच्या रांगा आहेत.

तुम्ही आलाय एका गाण्याच्या मागावर. ‘ऐका दाजीबा’. गायिका वैशाली सामंत, संगीत अवधूत गुप्ते, कंपनी सागरिका, साल २००२. मनात आणलं असतं तर मुंबईत, ते ध्वनिमुद्रित होत होतं त्या स्टुडिओतही उतरता आलं असतं. पण तिथं बघायला मिळालं काय असतं? काचेपलीकडे हेडफोन लावलेली विशीतली मुलगी, अलीकडे तिच्याच वयाचा संगीतकार, आणि गार झालेला चहा. गाणं तिथं तयार होतं एवढंच. ते चाललं की नाही याचा निकाल लागतो मुंबईपासून पाचशे किलोमीटरहून लांब, जिथं त्या गाण्याची जाहिरात कुणी केलेली नाही आणि राज्याची भाषाही वेगळी आहे.

आधी दत्ताच्या गाणगापूरला जाऊन या. वाट थोडी वाकडी होते, पण या मुलखात विकत घ्यायचं मराठी गाणं म्हणजे काय, हे तिथल्याइतकं कुठं दिसत नाही. भीमा-अमरजेच्या संगमावर या उन्हाळ्यात पाणी कसंबसं पायाला लागतंय. माध्यान्हीची माधुकरी उरकली आहे, आणि निर्गुण पादुकांचं दर्शन घेऊन बाहेर पडलेली सोलापूर-लातूरकडची मंडळी दुकानांच्या ओळीत शिरली आहेत. बुक्का, अष्टगंध, पेढे, लाल कापडात बांधलेलं गुरुचरित्र. मधेच एक कॅसेटचं दुकान. दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढं, पण भिंतीवर छतापर्यंत कॅसेटी, आणि सगळ्या दत्ताच्या. आर. एन. पराडकर, अजित कडकडे, प्रल्हाद शिंदे. शेजारच्या दुकानाचा कर्णा वेगळ्या पालखीच्या गाण्यात, ह्याचा वेगळ्या. रस्त्याच्या मध्यावर उभं राहिलं की दोन्ही पालख्या एकमेकींवर आदळतात.

दुकानदाराकडे नीट बघा. गिऱ्हाइकाशी तो मराठीत बोलतो, कामावरच्या पोराला कानडीत दटावतो, आणि कॅसेट पोचवायला आलेल्या माणसाशी दखनीत हिशेब करतो. तीनही भाषा एकाच दमात, कुठं अडखळत नाही. काउंटरच्या काचेखाली, पेनांच्या डब्याला टेकून, एक निराळं कव्हर दिसेल. दत्ताचा फोटो नाही, कमंडलू नाही.

“हे कोणतं?” तुम्ही विचारता.

“त्ये तसलं न्हाई, त्ये डान्सचं हाय,” तो जरा ओशाळून सांगतो. “दर्शनाला येणारी लेकरंच मागायलीत बघा. ठेवावं लागतंय.”

कॅसेट मागंच ठेवलेली आहे, पण सहा दत्त विकले की एक दाजीबा जातो, असंही तो पुढं सांगून टाकतो. प्रमाण वाईट नाही.

हुमनाबादची बस धरा. खिडकीची जागा मिळाली तर पडदा नाही, पडदा असेल तर खिडकी उघडत नाही. बाहेर नांगरून पडलेली काळी रानं, तुरीच्या तुराट्या, तांबडी माती सुरू होते तिथून दगडाच्या खाणी. हा सगळा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानातून बनलेल्या राज्याचा. त्या दिवशी जुना बीदर जिल्हा वाटला गेला: उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, भालकी, औराद, हुमनाबाद, बीदर म्हैसुरात, जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. सोयरिकी वाटल्या गेल्या नाहीत. म्हणून आजही मामाचं गाव एका राज्यात आणि आत्याचं दुसऱ्या, आणि लग्नाच्या सीझनमध्ये सीमेवरच्या टमटमा खच्चून भरलेल्या. महाराष्ट्राचा इथल्या गावांवरचा दावा जुनाच आहे. पुढल्या वर्षी, २००४ मध्ये, तो सुप्रीम कोर्टात जाईल. हे बसमध्ये कुणाला सांगू नका, कंडक्टर तिकिटाच्या सुट्ट्या पैशांवरून आधीच वैतागलाय.

या सगळ्याचा गाण्याशी संबंध आहे तो असा. इथल्या मराठीला दोनच कपडे उरले होते. एक भजन-कीर्तनाचं धोतर आणि दुसरा अर्ज-निवेदनाचा कडक इस्त्रीचा सदरा. घरात ती रोजची, चुलीजवळची. पण चारचौघांत ती एकतर पाया पडायला बाहेर यायची किंवा तक्रार मांडायला. नाचायला हिंदी. तरुण पोराला मस्ती करायची झाली की हिंदी, फार तर कानडी सिनेमाचं गाणं. मराठीत नाचायचं म्हणजे तमाशा, आणि तमाशाला घरच्या बायकांसमोर मान्यता नाही.

हुमनाबादला उतरलात की संध्याकाळ. हा पुणे-हैदराबाद रस्ता, राष्ट्रीय महामार्ग ९. सोलापूर, उमरगा, मग हे, पुढं जहिराबाद. ट्रकवाले, लक्झरीवाले, माणिकनगरला माणिकप्रभूंच्या दर्शनाला निघालेले, सगळे याच ढाब्यांवर थांबतात. गाणी या रस्त्यानंच येतात. मुंबईत कॅसेट निघाली की ती आधी ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसून हैदराबादला जाते, आणि वाटेत ज्या ढाब्यावर जेवण होतं तिथं आपला आवाज सोडून जाते.

ढाब्याच्या कोपऱ्यात, लोखंडी पिंजऱ्यात, टीव्ही आहे. केबल आहे. म्युझिक चॅनेल लागलंय, कारण बातम्यांना इथं कुणी बसत नाही आणि क्रिकेटचं नाव काढायची सोय नाही. मार्चमध्ये जोहान्सबर्गला ऑस्ट्रेलियानं वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये जे केलं ते अजून कुणी विसरलेलं नाही. पडद्यावर ‘काँटा लगा’चं रिमिक्स झालं. मग दलेर मेहंदी. तो १९९५ पासून पंजाबीत गातोय, ढाब्यातल्या एकालाही त्यातलं चार शब्दांपलीकडे कळत नाही, आणि एकानंही आजवर तक्रार केलेली नाही. पंजाबीला ही मुभा आपोआप होती. मराठीला ती कुणी दिली नव्हती आणि, खरं सांगायचं तर, मराठीनं मागितलीही नव्हती.

मग ते लागतं.

इशिता अरुण नाचते आहे. इला अरुणची मुलगी, म्हणजे ठसका घरातलाच. समोर मिलिंद गुणाजी, ‘विरासत’मधला तोच व्हिलन, पोरं त्याला लगेच ओळखतात. पण चित्राकडे फार बघू नका, डोळे मिटून ऐका. खाली ठेका शहरी, डिस्कोत खपेल असा. वर आवाज गावाकडचा. वैशालीनं तो असा लावलाय की सूर जराही न सांडता तोंडातली फिरकी ऐकू यावी. लावणीची धार आहे, पण लावणीचा भार नाही. माझं मत विचाराल तर चाल काही अजरामर वगैरे नाही. दुसऱ्या कुणी गायली असती तर वर्षभरात विसरलीही गेली असती. तो आवाज तिला धरून ठेवतो. वैशालीचं नाव ‘लगान’च्या ‘राधा कैसे न जले’त आशा भोसले आणि उदित नारायण यांच्यामागं बारीक अक्षरात होतं, ते किती जणांनी वाचलं? इथं मात्र ती एकटी आहे, आणि तिला मागं राहायची सवय होती असं कुठंही वाटत नाही.

रोटी घेऊन येणारा पोरगा टेबलांच्या मधोमध थांबलाय. गल्ल्यावरून मालक ओरडतो, “क्या देखरा रे, रोटी थंडी होरी!”

“चाचा, मराठी गाना आया टीवी पे!”

“हौ, तो? तेरी शादी है क्या?”

पोरगा रोटी ठेवतो, पण पाय ठेक्यावरच आहेत. पलीकडच्या टेबलावर बसलेले दोन भालकीकर काही बोलत नाहीत. एकजण दुसऱ्याला कोपरानं ढोसतो, एवढंच. सगळ्या देशाला दिसणाऱ्या चॅनेलवर, दलेर मेहंदीच्या पाठोपाठ, आपली भाषा कुणाच्याही पाया न पडता चालली आहे, हे बघायची त्यांना सवय नाही. तुम्हाला त्या कोपराची किंमत कळायला जरा वेळ लागेल.

तुम्ही पुढच्या काळातून आलाय, म्हणून तोंड सांभाळा. त्या दोघांना सांगावंसं वाटेल की हीच बाई तीन वर्षांनी ‘जत्रा’मध्ये आनंद शिंद्यांबरोबर ‘कोंबडी पळाली’ गाईल, अजय-अतुलची ती चाल पुढं हिंदीत ‘चिकनी चमेली’ होऊन परत याच ढाब्यावर वाजेल. की हे दोघं, वैशाली आणि अवधूत, झी मराठीच्या ‘लिटिल चॅम्प्स’मध्ये परीक्षकांच्या खुर्चीत बसतील, आणि २००९ च्या फेब्रुवारीत आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकेल तेव्हा शेवटच्या पाचांत लातूरचा रोहित राऊतही असेल, इथून अगदी जवळचा. सांगू नका. आज झी मराठीचं नावसुद्धा ‘अल्फा’ आहे.

दुसऱ्या दिवशी भालकी. लग्न संध्याकाळचं, गोरज मुहूर्त. मुलीकडचे इथले, मुलाकडचे उदगीरहून रेल्वेनं आणि ट्रॅक्समधून आलेले. पाण्याचा टँकर मांडवामागं उभा आहे आणि त्याच्या तोटीपाशी एक मामा राखणीला बसलेत. बुंदी पाडणं चाललंय. लाईट दुपारीच गेली. जनरेटर आहे, पण त्याला डिझेल कुणी आणायचं यावर दोन्ही पक्षांत बोलणी चालू आहेत.

बँडवाले मारुतीच्या देवळापाशी जमलेत. त्यांच्याजवळ जाऊन बसा. लाल कोट, सोनेरी झालर, एकाच्या पायात स्लीपर. हातगाडीवर कॅसिओ आणि वर कर्णा. कॅसिओवाला पोरगा वहीत काही लिहून ठेवत नाही, कारण त्याला नोटेशन येत नाही. खिशातून कॅसेट काढतो, वॉकमनमध्ये घालतो, एका कानाला लावून चार ओळी ऐकतो, मग रिवाइंड. बटण दाबून ठेवायचं, कुठं सोडायचं ते अंगठ्याला माहीत. परत चार ओळी. दुसऱ्या हातानं कॅसिओचा आवाज बारीक करून सूर शोधतो. तिसऱ्या खेपेला सापडतो. मग क्लॅरिनेटवाल्या चाचांकडे मान वर करून बघतो. चाचा आधी नाकानंच “हूं” करतात, मग वाजवतात, आणि त्या मुलीच्या गळ्यातली फिरकी क्लॅरिनेटमधून अशी निघते की ट्रंपेटवाला हसायला लागतो. ट्रंपेटला ती जमणार नाही हे त्याला ठाऊक आहे. तो फक्त ठोसे देणार.

वरात निघते. सुरुवातीला रीतीप्रमाणे देवाचं, मग हिंदी. तासभर पोरं घाम गाळतात. मारवाड्याच्या दुकानाच्या वळणावर गर्दीतून कुणीतरी कानडीत ओरडतं, “दाजीबा हाक्री!” नवरदेवाचा मित्र आहे, बीदरच्या कॉलेजातला. त्याला मराठी समजतं, बोलायला लाजतो. लगेच दुसरीकडून मराठीत तीच फर्माईश. चाचा क्लॅरिनेट वर करतात.

आणि मग बायका. आतापर्यंत पदर सावरून कडेनं चालणाऱ्या. गाणं सुरू होताच नवरीच्या बहिणी गर्दीत घुसतात आणि थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढतात. निलंग्याचा शाळामास्तर, चष्मा, सफारी.

“दाजी, या की वं! तुमचंच गानं हाय!”

“अगं सोडा, चष्मा पडंल…”

“चष्मा द्या हिकडं!”

चष्मा काढला गेला आहे. त्याविना मास्तरांना काही दिसत नाही, त्यामुळे लाजायचं कुणाला हेही कळत नाही, आणि ते चक्क नाचायला लागतात. वाईट नाचतात. गुडघे वाकवून, दोन्ही तर्जन्या वर. पण सासू दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसते आहे, सासरे दुसरीकडे बघताहेत, आणि तो कानडी मित्र मास्तरांच्या समोर येऊन त्यांचीच नक्कल करत नाचतोय. या रस्त्यावर, या गावात, जिथं पाटी कोणत्या भाषेत लावायची यावरून माणसं भांडली आहेत. तुम्हीही पाय हलवा. कडेला उभं राहून बघणारा माणूस इथं लगेच ओळखू येतो, आणि मग तो कुणाकडचा पाव्हणा याची चौकशी सुरू होते.

गाणं संपतं. “वन्स मोर!” परत. परत संपतं, परत. चौथ्यांदा झाल्यावर चाचा क्लॅरिनेट खाली घेतात, तोंड पुसतात आणि नवरदेवाच्या मामांकडे वळतात.

“मामा, ठहरे थे दो घंटे. अब पाँचवीं बार बजाना है तो अलग से लगते.”

“किती?”

“सौ.”

“चार वेळा फुकट वाजवलंव की वं!”

“वो तो हम अपने लिए बजाए,” चाचा म्हणतात आणि हात पुढं करतात.

मास्तर आंधळ्यासारखे चाचपडत पुढं येतात, सफारीच्या खिशातून शंभराची नोट काढतात आणि चाचांऐवजी ट्रंपेटवाल्याच्या हातात कोंबतात. तो ती मुकाट्यानं खिशात घालतो. आता चाचांचं आणि त्याचं जुंपलंय.