पुतळी आणि शिक्का

वाचकहो, बोरगावच्या दवाखान्यात बसून नाण्यांचा इतिहास कुठून सुचला असे विचाराल, तर दोष एका आजींचा आहे. गुडघ्याचे औषध घ्यायला आल्या आणि पदराच्या गाठीतून पुतळ्यांची माळ काढून टेबलावर ठेवली. नातवाची फी भरायची होती. माळ सोनाराकडे आटवायला निघाली होती. "डॉक्टर, ह्यो राम आन् ही सीताच न्हवं?"

भिंग लावून पाहिले. उभा होता तो संत मार्क, आणि गुडघे टेकून त्याच्याकडून निशाण घेणारा व्हेनिसचा डोजे, म्हणजे तिथला राज्यप्रमुख. हे नाणे व्हेनिसने १२८४ मध्ये काढले. १७९७ मध्ये ते गणराज्य बुडेपर्यंत त्याचे साडेतीन ग्रॅम वजन आणि सोन्याचा कस जवळजवळ ढळला नाही. व्यापाराच्या वाटेने ते आपल्याकडे आले. त्यावर बाहुल्या दिसल्या, म्हणून आपण पुतळी म्हटले.

व्हेनिसचे लोक त्याला झेक्किनो म्हणत. झेक्का म्हणजे टांकसाळ, आणि हा शब्द अरबी 'सिक्का' म्हणजे नाणे पाडण्याचा ठसा, त्यावरून आलेला. तोच अरबी शब्द फारसी दप्तरांतून मराठीत आला आणि शिक्का झाला. त्याच्या जोडीचे मोर्तबही मूळचे अरबीच. शिक्का पत्राच्या माथ्यावर, मोर्तब अखेरीस. गंमत अशी, की शिक्क्याच्याच नावाचे नाणे शिक्का म्हणणाऱ्यांच्या घरी आले आणि कुणी ओळखले नाही.

मोहोर मात्र फारसी. तिचाही मूळ अर्थ मुद्राच, नाणे नंतरचे. अशर्फीची कथा याहून रंगतदार आहे. इजिप्तचा सुलतान बार्सबाय याची पदवी अल-अशरफ. त्याने १४२५ मध्ये व्हेनिसच्या नाण्याला शह देण्यासाठी जवळपास त्याच वजनाचे नाणे काढले, ती अशर्फी. म्हणजे पुतळी आणि अशर्फी या बाजारातल्या सवती! पुढे मोगलांच्या अकरा ग्रॅमच्या मोहोरेलाही अशर्फी म्हणू लागले. होन कानडी 'होन्नु'वरून, हे आपल्या भागात सांगायला नको.

नाणी गळ्यात घालण्याची हौसही जुनीच. आम्ही दिगंबर, पण श्वेतांबरांच्या कल्पसूत्रात श्रीदेवीच्या उरावर दीनारांची माळ आहे, आणि दीनार तर रोमच्या देनारियसवरून आलेला.

तुमच्या घरी पुतळ्या असतील तर आटवण्याआधी भिंगाखाली धरा. निशाणाच्या दांड्यालगत 'डक्स' ही लॅटिन अक्षरे उभी वाचता आली तर नाणे बहुधा व्हेनिसचे. अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या असतील, तर नक्कल आपल्याकडच्या कारागिराची.

आजींच्या माळेत तीन व्हेनिसच्या निघाल्या. "मग राम न्हाईच?" त्या जरा हिरमुसल्या. तीन ठेवून बाकीच्या त्यांनी सोनाराला दिल्या.